मोबाइलमधला डोंगर कुठून आला?



परवा गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला आणि विषय निघाला पोरांच्या मोबाइलचा. कुणी म्हणालं, माझा जेवतानासुद्धा खाली ठेवत नाही. कुणी म्हणालं, रात्री पांघरुणात घेऊन बघतो. मग कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "माझा नातू मला दाखवत होता. लाल पेटलेला डोंगर, आणि एक माकड हातात काठी घेऊन लढतंय. मी म्हटलं, हा आपला मारुती का रे? तो म्हणाला, नाही आजी, हा चीनचा आहे. पुढे काय विचारावं तेच मला कळेना."

मावशींचं ते शेवटचं वाक्य माझ्या मनात राहिलं. पुढे काय विचारावं तेच कळेना. म्हणून आजचं बोलणं त्यावरच. पोरांच्या खेळात जे डोंगर, नद्या, बेटं दिसतात ती येतात कुठून? आपल्याला वाटतं, कुणीतरी बसून मनाने काढलेलं सगळं खोटंनाटं असणार. पण तो लाल डोंगर खरा आहे बरं का. आणि त्याची गोष्ट चारशेहून जास्त वर्षांपूर्वी छापली गेली आहे.

आधी खेळाचा नकाशा म्हणजे काय ते बघू. तुमच्यापैकी काही जणींनी गावाच्या कामासाठी रांगोळीने जमिनीवर गावाचा नकाशा काढला असेल. तेव्हा आपण आधी काय काढतो? ओढा काढतो, चढ-उतार दाखवतो. मग रस्ता, विहीर, देऊळ. घरं सगळ्यांत शेवटी. कारण घरं कुठे आहेत ते पाणी आणि उतार ठरवतात. खेळ बनवणाऱ्यांनाही असंच करावं लागतं. नदी चढाकडे वाहताना दाखवली, वाळवंटाच्या मधोमध कारणाशिवाय हिरवं रान दाखवलं, तर खेळणाऱ्या पोरालासुद्धा ते पटत नाही. काल्पनिक मुलखालाही कारण लागतं. हे पाणी इथे का? हा डोंगर मोडका का? इथे कुणी राहत का नाही? ही कारणं शोधायला ते जुन्या गोष्टींकडे जातात. आणि चीनकडे अशा गोष्टींचा मोठा साठा आहे.

एक गोष्ट सांगते. चीनचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला तिबेटचं उंच पठार आणि पर्वत, पूर्वेला सखल मैदानं आणि समुद्र. त्यामुळे तिथल्या दोन्ही मोठ्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ह्वांग हो, म्हणजे पीत नदी, सुमारे ५,४६४ किलोमीटर लांब. यांगत्से त्याहून मोठी, सुमारे ६,३०० किलोमीटर. आता हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाला प्रश्न पडला, की सगळं पाणी एकाच बाजूला का जातं?

त्याचं उत्तर गोष्टीत आहे. गोंगगोंग नावाचा एक बलाढ्य होता, लोक त्याला पाण्याचा देव मानत. राज्यासाठी त्याची लढाई झाली आणि तो हरला. रागाच्या भरात त्याने बुझौ नावाच्या डोंगराला धडक दिली. हा डोंगर म्हणजे आभाळाला टेकू देणारा खांब. खांब मोडला. आभाळ वायव्येकडे कललं, म्हणून सूर्य, चंद्र, तारे तिकडे सरकतात. जमीन आग्नेयेकडे खचली, म्हणून सगळं पाणी तिकडे धावतं. ही गोष्ट इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या 'हुआयनानझी' या ग्रंथात आहे. बघा, डोळ्यांना दिसतो तो उतार, आणि त्याला जोडलेलं कारण. यात भूगोलही आहे आणि पुराणही.

मग ते मोडकं आभाळ सांधलं कुणी? नूवा या देवीने. तिने पाच रंगांचे दगड वितळवून आभाळाची भोकं बुजवली. मोठ्या कासवाचे पाय कापून चार दिशांना खांब उभे केले. आणि बोरूसारख्या गवताची राख रचून पुराचं पाणी अडवलं. मला ही राख फार आवडते. वितळवलेले दगड हे देवीचं काम, पण चुलीतली राख घेऊन पाण्याचा लोंढा अडवायचा, हे ज्या बाईने ओल्या अंगणात कधी राख टाकली आहे तिलाच सुचेल. आज खेळांमध्ये मोडके खांब, हवेत तरंगणारे डोंगर, आभाळाला पडलेली भेग दिसते, तेव्हा त्यामागे अशा गोष्टी असतात.

दुसरी गोष्ट पुराची. पीत नदी मातीच्या प्रदेशातून येते. तिथली माती पिवळी, पिठासारखी भुसभुशीत. ती माती घेऊन नदी खाली येते, म्हणून पाणी पिवळं. मैदानात आली की गाळ खाली बसतो, पात्र वर येतं आणि नदी काठ सोडून भलतीकडे वळते. या नदीने किती गावं बुडवली याला गणती नाही. गोष्टीत राजाने गुन नावाच्या माणसाला पूर थांबवायला सांगितलं. गुनने आपोआप वाढत जाणारी देवांची माती चोरून आणली आणि बांधावर बांध घातले. पाणी वाढलं, बांध फुटले, गुनला मृत्युदंड झाला. मग काम आलं त्याच्या मुलाकडे, यूकडे. यूने वेगळा विचार केला. पाणी अडवायचं नाही, त्याला वाट द्यायची. त्याने पात्रं खोल केली, चर खणले, पाणी समुद्राकडे नेलं. तेरा वर्षं तो घराबाहेर होता म्हणतात. या काळात तीन वेळा तो स्वतःच्या दारावरून गेला, पण आत पाऊल टाकलं नाही. चीनमध्ये आजही कर्तव्यनिष्ठ माणसाचं उदाहरण म्हणून हे सांगतात.

आपण बायका ही गोष्ट ऐकतो तेव्हा आपलं लक्ष दाराच्या आतल्या बाजूला जातं. आत यूची बायको होती, तूशानची लेक. कडेवर लहान पोर होतं. नकाशावर यूच्या नावाचे डोंगर आहेत, खिंडी आहेत. त्या दाराची खूण कुठल्या नकाशावर नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी याच्याकडे परत येऊ.

याच यूच्या नावावर एक जुनं लिखाण आहे. त्यात देशाचे नऊ प्रांत सांगितले आहेत. कुठली माती कशी, कुठे काय पिकतं, कुठून कोणता माल राजाकडे जातो, कोणती नदी कुठे मिळते. म्हणजे शब्दांनी काढलेला नकाशाच. आणि याहून गंमतीचा एक ग्रंथ आहे, 'शान हाय जिंग', म्हणजे पर्वत आणि समुद्र यांचा ग्रंथ. दोन हजार वर्षांपेक्षा जुना, १८ भागांचा. तो वाटाड्या बोलतो तसा चालतो. अमुक डोंगरापासून पूर्वेला इतकं चाला, की तमुक डोंगर लागेल. त्याच्या अंगावर हे झाड, पोटात तो दगड. तिथून अशी नदी निघते. तिथे असा प्राणी आहे. तो खाल्ला तर अमुक रोग होत नाही, तो दिसला तर दुष्काळ पडतो.

त्यात चिंगच्यू नावाचा डोंगर आहे. तिथे नऊ शेपट्यांचा कोल्हा राहतो. त्याचा आवाज तान्ह्या बाळासारखा. तो माणसं खातो. रानात रात्री बाळ रडल्यासारखा आवाज आला तर जाऊ नये, हे सांगायची ही किती चांगली रीत आहे बघा. आज चिनी खेळांत आणि मालिकांत हा नऊ शेपट्यांचा कोल्हा आणि त्याचा चिंगच्यू पुन्हा पुन्हा येतो. खेळ बनवणाऱ्याला अशा ग्रंथात सगळंच तयार मिळतं. ठिकाण, तिथे जायची वाट, तिथला धोका आणि तिथे मिळणारी वस्तू. खेळाच्या नकाशाला आणखी काय लागतं?

त्याच ग्रंथात चिंगवेई पक्षिणीची गोष्ट आहे. यान राजाची लेक पूर्वेच्या समुद्रावर गेली आणि बुडाली. ती पक्षीण झाली. तेव्हापासून ती पश्चिमेच्या डोंगरावरून चोचीत काड्या आणि खडे आणते आणि समुद्रात टाकते. समुद्र बुजवायचा म्हणून. ती राहते तो फाजिऊ डोंगर शान्शी प्रांतात आहे, चीनच्या नकाशावर आजही सापडतो. समुद्र काही बुजला नाही. पण हार न मानणाऱ्या माणसाला चिनी भाषेत अजून तिचीच उपमा देतात.

आता येऊ मावशींच्या लाल डोंगराकडे. त्यासाठी एका खऱ्या प्रवाशाला भेटायला हवं. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव आहे, युआन श्वांग. जुन्या पुस्तकांत ह्युएन त्संग असंही लिहितात. हा चिनी बौद्ध भिक्षू सातव्या शतकात धर्मग्रंथ शोधत वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून भारतात आला. नालंदेला शिकला. दक्षिणेत फिरला आणि इसवीसन ६४१च्या सुमाराला आपल्या महाराष्ट्रातही आला. तेव्हा चालुक्य राजा पुलकेशी राज्य करत होता. इथली माणसं साधी आणि ताठ मानेची आहेत, उपकार विसरत नाहीत आणि वैऱ्याला सोडत नाहीत, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलं. डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या विहाराचंही त्याने वर्णन केलं. ते अजिंठ्याचं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ६४५ साली तो ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला.

त्याच्या प्रवासाच्या कथा लोक सांगत राहिले. सांगता सांगता त्यात देव आले, राक्षस आले, त्याच्या रक्षणाला एक माकडही आलं. शेकडो वर्षांनी, सोळाव्या शतकात, त्यावर शंभर अध्यायांची कादंबरी तयार झाली, 'पश्चिमेची यात्रा'. तिची सर्वांत जुनी ज्ञात छापील प्रत १५९२ सालची. त्यातलं ते माकड म्हणजे सुन वूकोंग, दगडातून जन्मलेलं. आपल्या मारुतीशी त्याचं काही नातं आहे का, यावर अभ्यासकांमध्ये एकमत नाही. पण ते ज्या पश्चिमेच्या यात्रेला निघालं, ती पश्चिम म्हणजे आपला भारत, हे मात्र नक्की.

युआन श्वांग येताना तुर्फानजवळच्या गावचांग राज्यात थांबला होता. तिथल्या राजाने त्याला ठेवून घ्यायचा इतका आग्रह केला, की त्याने अन्न सोडलं, तेव्हा कुठे सुटका झाली. त्या गावचांगचे पडके अवशेष आजही आहेत, आणि ते आहेत लाल डोंगराच्या पायथ्याशी. चीनच्या अगदी वायव्येला, शिनजियांगमध्ये, सुमारे १०० किलोमीटर लांब पसरलेली ही लाल वालुकाश्माची रांग. उभ्या घळींनी चिरलेली. उन्हाळ्यात दुपारी बघितलं तर ज्वाळा उठल्यासारखं वाटतं. त्याचं नावच अग्निपर्वत. तुर्फानचा खड्डा समुद्रसपाटीपेक्षा दीडशे मीटरहून जास्त खाली आहे. वर्षभरात २० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. आपल्याकडे एका सरीत याहून जास्त पडून जातो.

कादंबरीत या डोंगराला कारण मिळालं. माकडाने स्वर्गात भट्टी लाथाडली, तिच्या पेटत्या विटा खाली पडल्या, त्याचा हा डोंगर झाला. ती आग विझवायला एकच पंखा होता, आणि तो होता लोहपंखा राजकन्येकडे. एकदा हलवला की आग विझते, दुसऱ्यांदा वारा सुटतो, तिसऱ्यांदा पाऊस पडतो. डोंगराजवळचे शेतकरी दर दहा वर्षांनी डुकरं, मेंढ्या, कोंबड्या, फळं घेऊन तिच्याकडे जात, तेव्हा ती पंखा हलवी आणि त्यांची पेरणी होई. शेवटी माकडाने पंखा मिळवला आणि ४९ वेळा हलवला, तेव्हा आग मुळापासून विझली.

नीट ऐकलंत ना? ही लढाईची गोष्ट वाटते, पण मुळात ती पेरणीची गोष्ट आहे. पाऊस कुणाच्या तरी हातात आहे आणि त्यासाठी दर वेळी हात पसरावे लागतात, हे ज्यांनी भोगलं त्यांनीच ती सांगितली असणार. खऱ्या तुर्फानच्या लोकांकडे जादूचा पंखा नव्हता. त्यांनी जमिनीखालून बोगदे खणले, त्यांना करेझ म्हणतात. थ्येनशान पर्वताचं बर्फ वितळून जे पाणी जमिनीत मुरतं, ते या बोगद्यांतून कडक उन्हाला न दाखवता शेतापर्यंत आणलं. तिथे द्राक्षं पिकतात, विटांच्या जाळीदार खोल्यांत त्यांचे बेदाणे होतात.

२० ऑगस्ट २०२४ रोजी 'ब्लॅक मिथ: वुकाँग' नावाचा चिनी खेळ बाजारात आला. त्याचा पाया हीच कादंबरी. मावशींच्या नातवाने त्याचाच व्हिडिओ पाहिला असावा, कारण हा खेळ साध्या मोबाइलवर चालत नाही, त्याला महागडा संगणक किंवा खेळाचं यंत्र लागतं. तीन दिवसांत १ कोटी प्रती विकल्या गेल्याचं कंपनीने जाहीर केलं. त्यात अग्निपर्वत आहे, लोहपंखा राजकन्या आहे, पिवळ्या वाऱ्याचं वाळवंट आहे. आणि देवळं, मूर्ती, मनोरे हे बनवणाऱ्यांनी खऱ्या ठिकाणी जाऊन टिपले. दगडावरची चीर न् चीर यंत्रांनी मोजून घेतली. त्यासाठी चीनमधली ३६ ठिकाणं निवडली, त्यातली २७ एकट्या शान्शी प्रांतातली. तिथे युनगांगची लेणी आहेत. १०५६ साली बांधलेला ६७ मीटर उंच लाकडी मनोरा आहे. शियाओशीथियान नावाचं डोंगरावरचं छोटं देऊळ आहे, भिंतीभर टांगलेल्या मूर्तींचं. खेळ आल्यावर या देवळांकडे पर्यटकांची रीघ लागली.

दुसरा एक खेळ मोबाइलवरही चालतो, 'गेन्शिन इम्पॅक्ट', सप्टेंबर २०२०चा. त्यात लीयुए नावाचा प्रांत चीनवर बेतलेला आहे. तिथले दगडी सुळके बघून हुनान प्रांतातलं वूलिंगयुआन आठवतं. तिथे वालुकाश्माचे ३,००० हून जास्त सुळके उभे आहेत, कित्येक २०० मीटरपेक्षा उंच. खडकाच्या भेगांत पाणी शिरलं, बर्फ झालं, झाडांची मुळं घुसली, दगड ढासळत गेला आणि मधले खांब तेवढे उरले. त्याच खेळात सोनेरी कडांची पायऱ्यापायऱ्यांची तळी आहेत, तशी खरी तळी सिचुआन प्रांतातल्या हुआंगलोंगला आहेत. चुनखडीचं पाणी वाहता वाहता कडा बांधत जातं. खऱ्या चीनमध्ये या दोन जागा शेकडो किलोमीटर दूर. खेळात पोरगं दोन-चार मिनिटांत एकीकडून दुसरीकडे पोचतं. नकाशा काढणारे असंच करतात. मुलूख खरा घेतात, अंतर पुसून टाकतात.

आणि पुसलं जातं ते फक्त अंतर नाही. मघाशी म्हटलं ना, यूच्या घराचं दार कुठल्या नकाशावर नाही. तसंच खेळात अग्निपर्वत येतो, करेझ खणणारे हात येत नाहीत. सुळके येतात, त्यांच्या पायथ्याशी भात लावणारी बाई येत नाही. खेळात लढणारा पुढे असतो आणि जगवणारा मागे राहतो. म्हणून पोराशेजारी आपण बसायला हवं. कारण कोण राहून गेलं हे आपल्याला चटकन दिसतं.

आता एक व्यवहाराची गोष्ट. गेन्शिनसारखे खेळ फुकट उतरवता येतात, पण आत नवी पात्रं मिळवण्यासाठी सोडतीसारखा प्रकार असतो. पैसे भरा, नशीब काढा, हवं ते मिळेल याची खात्री नाही. घरच्या ज्या फोनवरून पैसे पाठवता येतात, त्याचा पिन पोरांना सांगू नका. तो फोन खेळायला देताय तर खरेदीला पासवर्ड लावून घ्या. आणि वुकाँगचा खेळ मारामारीचा आहे, तो लहान पोरांसाठी नाही.

पण नुसतं "ठेव तो मोबाइल" म्हणून भागतं का? गुनने बांधावर बांध घातले, पाणी काही थांबलं नाही. यूने वाट काढून दिली. आपणही एखादी वाट काढून बघू. पोराजवळ दहा मिनिटं बसा आणि विचारा, ही नदी कुठून येते रे? हा डोंगर लाल का? इथे राहतं कोण, खातात काय, पाणी कुठून आणतात? त्याला सांगता आलं नाही तर आज ऐकलेलं तुम्ही सांगा. मग भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा काढून दोघं मिळून तुर्फान शोधा, पीत नदीवर बोट फिरवा.

आणि मावशी, तुम्ही ऐकत असाल तर नातवाला एवढं सांगा, की ज्या भिक्षूला सांभाळायला ते माकड निघालं होतं, तो खरा भिक्षू तेराशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रात पायी येऊन गेला आहे. मग बघा, पुढचा प्रश्न तोच तुम्हाला विचारेल.